अंधेरी स्लो

अंधेरी (प.), मुंबई
रविवार, दुपार

प्रिय दिग्या,

तुझा फोन ठेवला तेव्हा चहावर साय धरली होती. वीस मिनिटं तू एकटाच बोललास आणि मला बोलायची वेळ आली तेव्हा "बरं, ठेवतो, लाइट गेली" म्हणून मोकळा झालास. म्हणून हे पत्र. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येणार नाही.

तुझं म्हणणं एवढंच ना, की टी. रेक्स हा दोन पायांवर चालणारा डायनोसॉर म्हणजे एक अवाढव्य गिधाड. त्याला पळता येत नव्हतं, म्हणून तो मेलेलं खायचा. आणि हे तू पोरीच्या शाळेच्या प्रकल्पात लिहूनही दिलंस! अरे, गिरगावच्या चाळीत तो जीपमागे धावणारा सिनेमा व्हिडिओवर बघून आलास तेव्हा तूच गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हात छातीशी आखडून धावला होतास. जोशीकाकूंच्या पापडांवर पाय दिलास, आठवतं? तेव्हा तो जीपपेक्षा जोरात पळत होता, आता त्याला चालवतही नाही. तुझा लंबक मध्ये कुठे थांबतच नाही.

अर्ध्या गोष्टीत तू बरोबर आहेस, हे आधी कबूल करतो. तो पळत नसणार. आपल्या मंडळाचा गणपती आठव. शाडूचा, भरीव, दोन फुटी. बाळूदादा एकटा डोक्यावर घ्यायचा. ज्या वर्षी उंची दुप्पट करायचं ठरलं, त्या वर्षी आठ जणांनाही जमेना, शेवटी हातगाडी आणली. उंची दुप्पट झाली की वजन आठपट होतं. पण पायाची ताकद स्नायूच्या आडव्या छेदावर ठरते, आणि छेद वाढतो फक्त चौपट. कोंबडी पळते म्हणून सहा टनांची कोंबडी पळेल असं नाही. २००२ साली जॉन हचिन्सन आणि मारियानो गार्सिया यांनी नेमका हाच हिशेब मांडला. टी. रेक्सला जोरात पळायचं तर दोन्ही पायांच्या स्नायूंचं वजन मिळून त्याच्या एकूण वजनाच्या ८६ टक्के भरायला हवं होतं. मग डोकं, पोट, शेपटी कुठे ठेवायची? पुढे २०१७ मध्ये मँचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी हाडांवर येणारा ताण मोजला. त्यात ताशी सुमारे २७ किलोमीटरच्या वर जाता येईना, कारण पायाची हाडंच मोडली असती. म्हणजे झपाझप चाल, पळणं नाही. हत्तीचंही जवळपास तेच. तो कितीही जोरात गेला तरी चारही पाय एकदम जमिनीवरून उचलत नाही.

हा आकडा वाचून मला हसूच आलं. अंधेरी ते चर्चगेट बावीस किलोमीटर, स्लो लोकलला पन्नासेक मिनिटं लागतात. करून बघ भागाकार. तुझा तो आठ टनांचा राजा म्हणजे प्रत्येक स्टेशनला थांबणारी अंधेरी स्लो! पण सांग, स्लो लोकलखाली माणूस मरत नाही का?

इथेच तुझं गाडं अडतं. "पळता येत नव्हतं" इथून तू "म्हणून मेलेलं खायचा" इथे थेट उडी मारतोस. त्याचं भक्ष्य काय हरीण होतं? तीन शिंगांचा ट्रायसेराटॉप्सही कित्येक टनांचा. चौपट-आठपटीचं गणित त्यालाही चुकलं नव्हतं. भक्ष्याला पकडायला त्याच्याहून थोडं जोरात चालता आलं, नाहीतर दबा धरून बसता आलं, की भागतं.

आता गिधाडाचं. आपण गच्चीवर पतंगाला मांजा लावत बसायचो तेव्हा मलबार हिलच्या बाजूला, पारशांच्या डुंगरवाडीवर, ती गोल गोल फिरताना दिसायची. आता एकही नाही. जनावरांना डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक द्यायचे, त्यांची मढी खाऊन गिधाडं संपली. २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद केलं तोवर फार उशीर झाला होता. पण ती तासन्तास पंख न हलवता तरंगायची, हे आठवतं ना? सगळी मेख तिथे आहे. मेलेलं जनावर रोज एकाच नाक्यावर मिळत नाही. निव्वळ त्याच्यावर जगायचं तर प्रचंड मुलूख फुकटात पालथा घालता आला पाहिजे, आणि गिधाडाला तो उन्हाने वर चढणाऱ्या हवेवर घालता येतो. आठ टनांचं धूड पायी फिरवायला किती खाणं लागेल? तुझी बाजूही सांगतो: २००३ च्या एका हिशेबात आफ्रिकेतल्या सेरेंगेटीच्या कुरणांइतकी जनावरं धरली तर निव्वळ मेलेल्यावर त्याचं भागलं असतं असं निघालं होतं. पण २०११ च्या दुसऱ्या हिशेबात टी. रेक्सच्याच रानातले लहान मांसाहारी डायनोसॉरही धरले. ते संख्येने कितीतरी जास्त, त्यामुळे मढं आधी त्यांनाच सापडणार. मला हा दुसरा हिशेब पटतो. पंगतीला उशिरा पोचलेल्या माणसाला जिलेबी उरलेली मी तरी पाहिलेली नाही.

तुझे बाकीचे मुद्दे जॅक हॉर्नर यांचे आहेत, हे तुला ठाऊक असो वा नसो. मोठा जीवाश्मतज्ज्ञ माणूस. १९९० च्या दशकात त्यांनी हा वाद पेटवला. हात चिमुकले, नाक तिखट, म्हणून मढी हुंगत फिरणारा. पण लांडग्याचं नाकही तिखट असतं. आणि आपल्याकडची गिधाडं वासाने नाही, नजरेने शोधायची. हातांचं म्हणशील तर गरुडाला कुठे हात आहेत? टी. रेक्सचं सगळं सामर्थ्य जबड्यात होतं. हाड फोडणारे दात होते, आणि डोळे असे समोर वळलेले की दोन्ही डोळ्यांचं दृश्य बरंच एकमेकांवर यायचं. अंतराचा अंदाज त्यामुळेच येतो. आधीच मेलेल्याचं अंतर मोजून काय करायचंय?

पण माझा हुकमाचा पत्ता वेगळाच आहे. अमेरिकेतल्या दक्षिण डकोटातल्या एका बदकचोच्या डायनोसॉरच्या शेपटीत टी. रेक्सचा तुटलेला दात सापडल्याचं २०१३ मध्ये जाहीर झालं. दाताभोवती नवीन हाड वाढलेलं होतं. म्हणजे चावा बसला, जनावर निसटलं आणि जखम भरून येईपर्यंत जगलं. मढ्याची जखम भरत नाही, दिग्या.

याचा अर्थ तो मेलेलं खात नव्हता असा मुळीच नाही. खायचा. टी. रेक्सच्याच हाडांवर टी. रेक्सच्या दातांचे ओरखडे मिळालेत, म्हणजे आपल्या भाऊबंदांनाही सोडत नव्हता. इथे माझ्या खिडकीसमोर नारळावर घार असते. मासळीबाजारामागे पडलेली आतडी उचलते आणि दुपारी आमच्या सोसायटीतला उंदीरही उचलते. तिला आपण शिकारी म्हणायचं की भिकारी? तरसाचंच बघ. आपण त्याला उष्टं खाणारा म्हणून हिणवत आलो. हान्स क्रूक यांनी १९६० च्या दशकात आफ्रिकेत रात्री जागून पाहिलं, तर ठिपकेदार तरसं स्वतः शिकार करत होती, आणि पुष्कळदा सिंहच ती येऊन हिसकावत होते. तरी "गिधाडासारखा" ही शिवी आणि "सिंहासारखा" हे कौतुक. तुझ्या "गिधाड" म्हणण्यात मला तोच तिरस्कार ऐकू आला, खोटं नाही सांगत.

आणि इतकी वर्षं वरोऱ्यात काढून तू अमेरिकेतल्या जनावरावर भांडतोस! पिसदुरा गाव तुझ्या तालुक्यात आहे ना? तिथल्या डायनोसॉरच्या दगड झालेल्या शेणात गवताचे सूक्ष्म कण सापडले, २००५ मध्ये. डायनोसॉरच्या काळात गवत होतं याचा तो भक्कम पुरावा ठरला. पोरीला टी. रेक्स कशाला, त्या शेणावर प्रकल्प करायला सांग. बाई खूश होतील. आमच्या मुंबईचा वाटा बेडकांचा. वरळीच्या टेकडीतले जीवाश्म बेडूक १८४७ साली रिचर्ड ओवेनने नाव देऊन जगापुढे आणले. "डायनोसॉर" हा शब्द घडवणारा तोच ओवेन. आणि माझ्या स्वयंपाकघरातून इमारतींच्या फटीत गिल्बर्ट हिलचे काळे खांब दिसतात, सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. दिवाळीत आलास की वरच्या गावदेवीला जाऊ. पायऱ्या चढताना तुझा वेग मोजतो.

वहिनींना नमस्कार सांग. प्रकल्प अजून शाळेत दिला नसेल तर एक कर. "त्याला पळता येत नव्हतं" हे वाक्य राहू दे. "तो मेलेलं खायचा" हेही राहू दे. मधला "म्हणून" तेवढा पोरीला खोडायला सांग.

तुझा,
विन्या