तीनशे चारमधला शून्य

प्रिय सोन्या,

या आठवड्यात शाळेने पालकांना वर्गात बसायची मुभा दिली आणि मी तुझ्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसले. सुरुवातीला तू सारखा वळून बघत होतास, मग मी तिथे आहे हेही विसरलास. ते फार बरं झालं, कारण त्यानंतर मला तू खराखुरा दिसलास. शुक्रवारी घरी येताना मात्र तू मान खाली घालून म्हणालास, "आई, मला गणित येतच नाही." आणि वही दप्तरातून बाहेर काढली नाहीस. त्या वेळी मी फार काही बोलले नाही. तुला बोलायचं नव्हतं. पण मी जे पाहिलं ते तुला सांगायलाच हवं, म्हणून लिहिते आहे.

आधी बी. सोमवारी बाईंनी काचेच्या ग्लासात ओला टिपकागद बसवला आणि कागद आणि काच यांच्या मधे रात्रभर भिजवलेल्या घेवड्याच्या बिया सरकवल्या. एक सरळ, एक आडवी, आणि एक मुद्दाम उलटी. मग विचारलं, "उलट्या बीचं मूळ कुठे जाईल?" तुझा हात सगळ्यात आधी वर. "वर जाईल, कारण बी उलटी आहे." बाईंनी 'बरोबर' म्हटलं नाही की 'चूक' म्हटलं नाही, फक्त प्रत्येकाचा अंदाज फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला. मला बाईंची ही गोष्ट फार आवडली. उत्तर तिथल्या तिथे सांगून टाकलं असतं, तर त्या ग्लासाकडे पुन्हा कुणी फिरकलं नसतं.

मग रोज सकाळी तू दप्तर ठेवायच्या आधी खिडकीशी. बुधवारी पांढरं टोक दिसलं. शुक्रवारी त्या उलट्या बीचं मूळ आधी थोडं वर आलं होतं आणि मग वळून सरळ खाली निघालं होतं. तू ओरडलास, "माझं चुकलं! ते वळलं! पण त्याला कसं कळलं?" तुझ्या चेहऱ्यावर आनंदाशिवाय काहीही नव्हतं.

त्याला कसं कळलं, हे तुला सांगते. मुळाच्या अगदी टोकाशी असलेल्या पेशींमध्ये स्टार्चचे जड कण असतात. ते पेशीच्या तळाशी बसतात. मूळ आडवं किंवा उलटं झालं की कण नव्या तळाकडे घसरतात, आणि त्यावरून मुळाला खालची दिशा मिळते. हे कण कुणाला माहीत नव्हते, त्याच्याही आधी, १८०६ मध्ये, थॉमस नाइट नावाच्या इंग्रज माणसाला तुझ्यासारखाच प्रश्न पडला होता. त्याने पाण्यावर चालणाऱ्या चाकाच्या कडेला बिया बांधल्या आणि चाक जोरात फिरत ठेवलं. मुळं बाहेरच्या बाजूला वाढली आणि कोंब चाकाच्या मध्याकडे. म्हणजे मूळ ओल शोधत किंवा उजेड टाळत खाली जातं एवढंच नाही, ज्या दिशेला ओढ आहे त्या दिशेला ते जातं. अशी ओढ त्याला पृथ्वीकडून मिळते किंवा फिरत्या चाकामुळे तयार होते.

आता तुझी ती वही. मी मधल्या सुट्टीत तुला विचारून बघितली होती, आठवतंय ना? ३०४ वजा १६८. तू उत्तर लिहिलंस २६४, आणि शेजारी फुली आली. मी ते गणित बराच वेळ बघत बसले. एककाच्या घरात चारातून आठ जात नाहीत, म्हणून तू आठातून चार काढलेस. दशकाच्या घरात शून्यातून सहा जात नाहीत, म्हणून सहा तसेच खाली उतरवलेस. तीनातून एक गेला, दोन उरले. तिन्ही घरांत तू एकच नियम पाळलास: जो मोठा असेल त्यातून लहान वजा करायचा. एकदाही डगमगला नाहीस. ज्याला काहीच येत नाही त्याच्या हातून असं होत नाही, तो वाटेल तो आकडा लिहून मोकळा होतो. आणि हा नियम तुझ्या डोक्यात आम्हीच घातला ना! "लहानातून मोठं जात नाही" हे तू आमच्याकडूनच ऐकलंस. सुट्या, छोट्या अंकांना ते चाललं. तेच तू इथे लावलंस. ठिकठिकाणची तुझ्या वयाची मुलं नेमकी हीच चूक करतात, आणि लहान मुलांना गणित शिकवणाऱ्या कुणालाही ती लांबूनच ओळखू येते.

गुरुवारी बाईंनी काड्या आणल्या तेव्हा तू खिडकीबाहेर बघत होतास. फुलीचा राग गेला नव्हता. म्हणून ते इथे पुन्हा सांगते. बाईंनी टेबलावर शंभराचे तीन गठ्ठे ठेवले, आणि चार सुट्या काड्या. दहाचा गठ्ठा एकही नाही. हेच ते ३०४. आता यातून आठ सुट्या काढायच्या. आहेत चारच. शेजारच्या घरातून दहाचा गठ्ठा आणायला जावं तर तिथे काहीच नाही. मग एका मुलीने शंभराचा एक गठ्ठा सोडला. त्यातून दहा-दहाचे दहा गठ्ठे निघाले. त्यातले नऊ तिने दशकाच्या घरात ठेवले, दहावा सोडून त्याच्या काड्या चार सुट्या काड्यांत मिसळल्या. टेबलावर काडी एकही वाढली नाही, एकही घटली नाही, पण आता शंभराचे दोन, दहाचे नऊ आणि चौदा सुट्या. चौदातून आठ गेल्या, सहा. नवातून सहा, तीन. दोनातून एक, एक. १३६. मग पडताळा: १३६ आणि १६८ मिळवले की ३०४ परत मिळतात. तुझे २६४ आणि १६८ मिळवून बघ. ४३२ होतात. होत्या त्यापेक्षा जास्त काड्या!

हातचा घेणं म्हणजे हेच, गठ्ठा सोडणं. वहीत आपण अंकावर काट मारून वर बारीक आकडा लिहितो, तेव्हा खरं तर एक गठ्ठा सुटलेला असतो. मला वाटतं, तुझं अडलं ते तुला वजाबाकी येत नाही म्हणून नव्हे. मधल्या शून्याच्या घरातून काही घेता येत नाही, आणि एक घर ओलांडून पुढे जायचं असतं हे अजून कुणी तुझ्या हातात काड्या देऊन दाखवलं नव्हतं, म्हणून. आणि शून्य सोपा नाहीच रे. शून्य हीसुद्धा एक संख्या आहे असं धरून तिच्याशी बेरीज-वजाबाकी कशी करायची, याचे नियम ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये लिहिले. त्याच्या आधी माणसं हजारो वर्षं मोजत होती, व्यवहार करत होती, तरी असे नियम करायला एवढा काळ गेला. तुला एक आठवडा लागला तर लागू दे.

मला कोड्यात टाकलं ते वेगळ्याच गोष्टीने. बीबद्दलचा तुझा अंदाज चुकला आणि वजाबाकीही चुकली. दोन्हीकडे तू विचार केला होतास, दोन्हीकडे तुझ्याकडे कारण होतं. बी चुकली तेव्हा तू "कसं कळलं?" असं विचारत बाईंच्या मागे लागलास. गणित चुकलं तेव्हा वही मिटलीस. मुलगा तोच, वर्ग तोच, बाईही त्याच. मग २६४ कडे बघून "हे कसं आलं?" असं का नाही विचारलंस? फुलीमुळे, असं मला वाटतं. फुली दिसली की गोष्ट संपल्यासारखी वाटते. बाईंशी मी याबद्दल बोलले. त्या म्हणाल्या, पुढच्या वेळी फुलीऐवजी त्या घराखाली नुसती रेघ मारू आणि त्याचं त्याला शोधू देऊ.

वाचनाचं तुला सांगायची गरज नाही, तिथे तू मजेत आहेस. मंगळवारी धडा वाचताना तू "पुरवेकडून" म्हणालास, थांबलास, मागे गेलास, आणि रफार बघून "पूर्वेकडून" असं वाचलंस. कुणी टोकलं नव्हतं. ते मी टिपून ठेवलंय.

आणि सातचा पाढा. सोमवारी घडाघडा म्हटलास, गुरुवारी सात आठेला अडलास, आणि लगेच डोळ्यांत पाणी. हर्मन एबिंगहाउस नावाच्या जर्मन संशोधकाने स्वतःवर प्रयोग केले होते. अर्थ नसलेले अक्षरगट पाठ करायचे आणि काही वेळाने किती आठवतात ते तपासायचं. १८८५ मध्ये त्याने ते छापलं. पाठ केलेलं सुरुवातीला भराभर विसरतं, मग विसरण्याचा वेग मंदावतो, आणि विसरलेलं पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो, असं त्याला दिसलं. एकाच बैठकीत घोकण्यापेक्षा थोडं थोडं, दिवसांचं अंतर ठेवून म्हटलं तर कमी मेहनतीत पाठ होतं, हेही. म्हणजे गुरुवारी अडलास ते ठरल्याप्रमाणेच झालं. आता आपण रोज झोपायच्या आधी एकदाच म्हणू, मंगळवारी नाही म्हटला तरी चालेल.

सोमवारी बाई पुन्हा शून्याचीच वजाबाकी घेणार आहेत. त्याआधी रविवारी आपण दोघं ५०२ वजा २३७ करू. तू काड्यांनी कर, मी वहीत करते, मग उत्तरं जुळतात का बघू. नाही जुळली तर पडताळा करून शोधू कुणाचं आणि कुठल्या घरात चुकलं. गठ्ठे बांधायला रबर लागतील, ते टेबलाच्या खणात आहेत.

तुझी,
आई