न पाहिलेला नग पास करणारे मशीन : तक्रार पत्र

प्रति,
मा. व्यवस्थापक,
विक्रीपश्चात सेवा विभाग

विषय : पितळी टर्मिनलच्या (वायर जोडण्याच्या छोट्या भागांच्या) तपासणीसाठी पुरवलेली कॅमेरा व सेन्सर यंत्रणा सदोष असल्याबाबत, ती दुरुस्त करून मिळणे अथवा परत घेऊन रक्कम मिळण्याबाबत.

महोदय,

जूनमध्ये आपण आमच्या मरोळ एमआयडीसीतल्या गाळ्यात बसवून दिलेले तपासणीचे मशीन अजून भरवशाने चाललेले नाही. फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर, मेलवर हे वारंवार कळवून झाले. दरवेळी आपल्याकडून ठरलेले उत्तर येते : "आणखी फोटो पाठवा, मॉडेल पुन्हा ट्रेन करू." दोष मॉडेलचा, म्हणजे फोटो पाहून नग चांगला की वाईट ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरचा असता, तर एव्हाना गेला असता. तो कुठे आहे हे आम्ही शोधले आहे आणि आपल्या इंजिनिअरना दाखवलेही आहे. पण येणारा माणूस दरवेळी बदलतो आणि आम्हाला पहिल्यापासून पाढा वाचावा लागतो, म्हणून आता लेखी देत आहे.

सर्वांत गंभीर गोष्ट आधी. हे मशीन ज्या नगाचा फोटोच काढत नाही, तो नग चांगल्या मालात जातो.

पट्ट्यावरून नग आला की बाजूचा प्रॉक्झिमिटी सेन्सर कॅमेऱ्याला इशारा देतो. कॅमेरा फोटो काढतो, सॉफ्टवेअर निकाल देते आणि निकाल 'एनजी' (नॉट गुड, म्हणजे सदोष) असेल तरच हवेचा झोत नगाला लाल पेटीत उडवतो. एरवी नग सरळ हिरव्या ट्रेमध्ये. म्हणजे सेन्सरने इशाराच दिला नाही तर फोटो नाही, फोटो नाही म्हणून निकाल नाही, निकाल नाही म्हणून झोत नाही. परीक्षेलाच न बसलेल्या मुलाला उत्तीर्ण करावे, तसा तो नग पास! तपासणीच्या मशीनची रचना नेमकी उलट हवी. 'ओके' असा स्पष्ट निकाल मिळाला तरच नगाला चांगल्या मालाची वाट उघडायची. फोटो चुकला, केबल सुटली, सॉफ्टवेअर अडकले, काहीही झाले तरी नग लाल पेटीतच पडला पाहिजे. पीएलसीचा, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचा, प्रोग्रॅम आपणच लिहिला आहे. त्यात हा एवढा साधा विचार का केला नाही, याचे उत्तर मला हवे आहे.

आता सेन्सर इशारा का चुकवतो ते. आपण बसवलेला सेन्सर इंडक्टिव्ह जातीचा (जवळ आलेला धातू चुंबकीय क्षेत्राने ओळखणारा), नग ओळखण्याचे छापील अंतर ४ मिलीमीटर. हे छापील अंतर माइल्ड स्टीलच्या तुकड्यावर मोजलेले असते. पितळेवर तेच अंतर निम्म्याहूनही खाली येते, अ‍ॅल्युमिनियमचीही तीच गत. सेन्सरच्या माहितीपत्रकात धातूनुसार करेक्शन फॅक्टर (छापील अंतराला गुणायचे आकडे) दिलेले असतात. पितळेचा साधारण ०.४ च्या आसपास. म्हणजे आमचे टर्मिनल दीड-पावणेदोन मिलीमीटरवर आले तरच या सेन्सरला कळणार, आणि नग लहान असल्याने प्रत्यक्षात त्याहूनही जवळ यावे लागणार. आपल्या माणसाने सेन्सरचे तोंड नगाच्या वाटेपासून जवळजवळ ३ मिलीमीटरवर ठेवले आहे. कडेला घासून आलेले नग त्याला दिसतात, मधून आलेले निसटतात.

हे पडताळायला लॅपटॉपही लागत नाही. सेन्सरच्या पाठीला छोटा पिवळा दिवा असतो. त्याच्यासमोर स्टीलचा वॉशर धरला की तो लागतो. त्याच जागी, तेवढ्याच अंतरावर आमचे टर्मिनल धरले तर ढिम्म. आमच्या हेल्परने हे करून दाखवले, तेव्हा आपले इंजिनिअर शेजारी उभे होते, त्यांनी मोबाईलवर व्हिडिओही काढला. त्या व्हिडिओचे पुढे काय झाले कोण जाणे, कारण नंतरच्या मेलमध्ये पुन्हा "फोटो पाठवा" हेच. ज्या नगाचा फोटो निघतच नाही त्याचा फोटो आम्ही कुठून पाठवावा?

याचा फटका आम्हाला बसला आहे. नाशिकच्या आमच्या स्विचगिअर ग्राहकाकडे इनवर्डला (आलेल्या मालाच्या तपासणीत) आटे नसलेले टर्मिनल सापडले. एकच सापडले, पण त्यांनी नियमाप्रमाणे पूर्ण लॉट अडवला, आमची माणसे तिथे जाऊन बसून माल निवडून आली, आणि डेबिट नोट (आमच्या बिलातून वजावटीची चिठ्ठी) आली ती वेगळीच. टॅपिंग राहून गेलेला नग ओळखायला काही मोठी बुद्धिमत्ता लागत नाही. भोकात आटे आहेत की नाहीत एवढेच पाहायचे असते. पण पाहायचे असते!

दुसरा भाग प्रकाशाचा, आणि माझ्या मते इथेच आपण सर्वांत जास्त हात आखडता घेतला. गोरेगावच्या नेस्कोतल्या प्रदर्शनात आपला डेमो काळ्या हुडाखाली होता, नग धुऊन पुसून ठेवलेले होते आणि ते जागेवर स्थिर होते. आमच्याकडे तोच कॅमेरा उघड्यावर आहे. वर चोकच्या जुन्या ट्यूबलाइट आहेत. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अशी ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. डोळ्याला ते कळत नाही, पण एक-दोन मिलिसेकंदांत फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याला एक फोटो उजळ मिळतो, पुढचा मंद. शिवाय गाळ्याचे तोंड पश्चिमेला. दुपारी चारच्या सुमारास शटरमधून उन्हाची तिरीप थेट पट्ट्यावर येते आणि लाल पेटी भराभर भरू लागते. सकाळी 'ओके' झालेला नग मी स्वतः खूण करून तेव्हा पुन्हा सोडून पाहिला आहे. कधी ओके, कधी एनजी. नग तोच, बाजू तीच.

त्यात पितळ चकचकीत, आणि वर आपण रिंग लाइट लावला आहे. रिंग लाइटचा गोल जसाच्या तसा नगावर उमटतो आणि त्या पांढऱ्या पट्ट्यात बर (कापताना कडेला राहिलेला धातूचा बारीक कंगोरा) असली काय, नसली काय, सारखेच. चकचकीत धातूला चहूबाजूंनी पसरलेला प्रकाश लागतो, म्हणजे डोम लाइट. आणि कडेची बर पाहायची तर मागून प्रकाश टाकून नगाची काळी आकृती घ्यायची. ही काही गुप्त विद्या नाही, आपल्याच माहितीपुस्तिकेत दोन्हींची चित्रे आहेत. आमच्यापर्यंत मात्र त्यांतले काहीच पोहोचले नाही.

प्रकाश अपुरा पडतो म्हणून आपल्या इंजिनिअरनी काय केले, तर एक्स्पोजर (कॅमेरा प्रकाश घेतो तो वेळ) वाढवून २ मिलिसेकंद केले. पट्टा सेकंदाला २०० मिलीमीटर धावतो. २ मिलिसेकंदांत नग ०.४ मिलीमीटर पुढे सरकतो. तेवढा फोटो फरफटला. आम्हाला पकडायची आहे ०.१ मिलीमीटरची बर! कॅमेरा १२८० पिक्सेल रुंदीचा आणि लेन्स अशी लावली आहे की चित्रात ६४ मिलीमीटर पट्टा दिसतो. म्हणजे एका पिक्सेलला ०.०५ मिलीमीटर. बर दोन पिक्सेलची आणि फरफट आठ पिक्सेलची. अशा फोटोंवर मॉडेल कितीही वेळा ट्रेन करा, फोटोत जे उतरलेच नाही ते त्याला कुठून दिसणार? आमचा नग १८ मिलीमीटरचा आहे. चौसष्ट मिलीमीटरचे चित्र कशासाठी, हेही कोणी सांगू शकले नाही. जोरदार स्ट्रोब (क्षणभर लखलखणारा दिवा) लावून एक्स्पोजर ५० मायक्रोसेकंदांवर आणले असते तर फरफट ०.०१ मिलीमीटरवर आली असती, आणि ट्यूबलाइट-उन्हाचा त्रासही बराचसा आपोआप मिटला असता.

लेन्सचे प्रकरण जरा वेगळे आहे. आपल्या पहिल्या कोटेशनमध्ये टेलिसेंट्रिक लेन्स होती. नंतर आपण "खास सवलत" म्हणून कमी किमतीचे दुसरे कोटेशन दिले आणि त्यात ती ओळ 'लेन्स, १ नग' एवढीच उरली. प्रत्यक्षात आली ती साधी लेन्स. साध्या लेन्समधून नग जवळ आला की मोठा दिसतो, लांब गेला की लहान. बाऊल फीडरमधून (नग एकेक करून पुढे सोडणाऱ्या थरथरत्या भांड्यातून) पडलेले टर्मिनल पट्ट्यावर कधी सपाट बसते, कधी बरीवर किंचित टेकून उभे राहते. तेवढ्याने लांबीचे माप बदलते. टेलिसेंट्रिक लेन्समध्ये हा फरक जवळजवळ पडत नाही, म्हणून तर ती महाग असते. वस्तू काढून घेऊन किंमत उतरवायची आणि त्याला सवलत म्हणायचे, हे योग्य नाही.

धूळ आणि तेलाबद्दल थोडक्यात. कॅमेऱ्यावर 'आयपी ६७' (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) लिहिले आहे, पण लेन्सवर संरक्षक नळीच बसवलेली नाही. त्यामुळे पावसाळ्याच्या दमट हवेत तेलाचा धूर लेन्सच्या काचेवर बसत गेला आणि रोज पहिल्या शिफ्टला काच पुसणे हे एक नवे काम झाले. नळी आणि काच द्या, एवढेच.

लांबीच्या मापासाठी मी आपल्याकडे गेज आर अँड आर (मोजमाप दरवेळी सारखे येते का याची चाचणी) मागितला होता. "तो व्हर्नियरसाठी असतो, कॅमेऱ्याला नाही," असे उत्तर आले. मोजणारे कोणतेही साधन असो, तेच नग पुन्हा पुन्हा मोजून त्याची तफावत काढावीच लागते. ती टॉलरन्सच्या (मापात चालणाऱ्या फरकाच्या) १० टक्क्यांच्या आत असेल तर चांगले, ३० टक्क्यांपुढे गेली तर पद्धत नापास, हा हिशेब आमचे ग्राहक आम्हाला विचारतात. आम्ही आपल्याला विचारला तर त्यात वावगे काय? चांगले-वाईट निवडण्यासाठीही तसेच. खुणा केलेले चांगले आणि वाईट नग मिसळून मशीनमधून अनेकदा सोडायचे आणि निकाल दरवेळी जुळतो का पाहायचे. अशी चाचणी न घेताच आपण इन्स्टॉलेशन रिपोर्टवर 'काम पूर्ण' लिहून सही मागत होता. ती मी दिलेली नाही.

विक्रीच्या वेळी आपल्या प्रतिनिधींनी सांगितले होते की चेकिंगच्या टेबलावरच्या सगळ्या बायकांचे काम हा एक कॅमेरा करील. आमच्या ताई नग नखावरून फिरवतात आणि बर कोणत्या कडेला आहे हे न बघता सांगतात. त्यांना आम्ही पॅकिंगला हलवले होते. आता त्याच ताई टेबलावर परत बसून मशीनने 'ओके' दिलेला माल पुन्हा तपासतात, आणि लाल पेटीतला चांगला मालही त्याच वेगळा काढतात. मशीनचा हप्ता चालू आहे, पगारही चालू आहे.

राहिलेल्या रकमेविषयी. आपल्या अकाउंट्स विभागाकडून ४५ दिवसांच्या मुदतीचा दाखला देत एमएसएमई कायद्याची आठवण करून देणारे मेल येत आहेत. तो २००६ चा कायदा आम्हीही वाचला आहे, आम्हीही लघुउद्योजकच आहोत. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली असेल, तर पुरवठादार ती हरकत दूर करील तो दिवस माल स्वीकारल्याचा दिवस धरला जातो. आमची हरकत त्या १५ दिवसांच्या आत मेलने गेली आहे आणि ती आजही दूर झालेली नाही. तसेच, नग पितळी आहेत, इतक्या मापाचे आहेत, ०.१ मिलीमीटरची बर आणि आटे नसलेला नग पकडायचा आहे, हे सर्व आम्ही ऑर्डरमध्ये लिहून दिले होते आणि आपल्या जाणकारीवर विसंबून ऑर्डर दिली होती. माल त्या कामास योग्य असला पाहिजे, ही अट १९३० च्या माल विक्री कायद्याच्या कलम १६ नुसार अशा व्यवहारात गृहीत असते.

आमची मागणी अशी. पीएलसीचा प्रोग्रॅम बदलून 'ओके' निकालाशिवाय एकही नग हिरव्या ट्रेमध्ये जाणार नाही असे करावे, आणि बाहेरच्या तोंडाला दुसरा सेन्सर लावून आलेले नग व निघालेले फोटो यांची मोजदाद जुळवावी. हे दोन्ही लगेच हवे, बाकीचे थांबू शकते. इंडक्टिव्हच्या जागी प्रकाशकिरण तुटल्यावर चालणारा सेन्सर द्यावा, त्याला धातू कोणता याचा फरक पडत नाही. डोम लाइट, बॅकलाइट, स्ट्रोब, हुड आणि पहिल्या कोटेशनमधली लेन्स आपल्या खर्चाने बसवावी. त्यानंतर आम्ही खुणा केलेल्या नगांवर, आमच्या गाळ्यात, पट्टा पूर्ण वेगाने चालू ठेवून चाचणी व्हावी. ती पास झाली की राहिलेली रक्कम त्याच दिवशी खात्यात जमा करू. हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत हे होणार नसेल, तर मशीन उचलून न्यावे आणि भरलेली रक्कम परत करावी. नाशिकच्या डेबिट नोटची प्रत त्या हिशेबात जोडली जाईल.

इंजिनिअर पाठवताना ज्यांना पीएलसीचा प्रोग्रॅम बदलण्याचा अधिकार आहे आणि पासवर्ड माहीत आहे, अशांनाच पाठवावे. आणि त्यांनी दुपारी तीननंतर यावे, म्हणजे चारची तिरीप त्यांनाही पाहता येईल.

आपला,
मालक, प्रेस व टर्निंग शॉप
मरोळ एमआयडीसी, अंधेरी (पूर्व), मुंबई