जेरेझनंतर मित्रास

६ ऑगस्ट २०२०

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

२५ जुलैच्या शनिवारी तू गप्प असतानाच मी फोन ठेवला, त्याला आज बारा दिवस झाले. २०१५ साली सेपांगच्या शर्यतीत तुझा रोसी आणि माझा मार्क मार्केझ भिडले होते, त्यानंतर एवढा अबोला आपल्यात प्रथमच झाला. तेव्हा हट्ट दोघांचाही होता. या वेळी चूक एकट्या माझी आहे. इकडे सर्वांच्या प्रकृती ठीक आहेत आणि आईचा रक्तदाब आटोक्यात आहे. खरे सांगायचे तर हे पत्र सोमवारची बातमी वाचल्यापासून मनात लिहितो आहे, कारण ती बातमी वाचून मला जे वाटले ते या घरात कोणालाच कळणार नाही.

स्पेनमधल्या जेरेझच्या मोटोजीपी मोटारसायकल शर्यतीत मार्कचा उजवा दंड मोडला होता, त्यातली प्लेट मोडली. २१ जुलैला बार्सिलोनात टायटॅनियमची प्लेट आणि बारा स्क्रू घालून जे हाड जोडले होते, त्यावरचा तो आधारच निकामी झाला, आणि तोही गाडीवर नव्हे, तर शनिवारी सकाळी स्वतःच्या घरी एक मोठी सरकती खिडकी उघडताना. सोमवारी पुन्हा शस्त्रक्रिया करून जुनी प्लेट काढली आणि नवी बसवली. ज्या हाताने तो ताशी ३०० किलोमीटरच्या वेगातून ब्रेक लावतो, त्या हाताला खिडकी पेलली नाही, हे वाक्य मी चार वेळा वाचले आणि मग खुर्चीतून उठून खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

तू २५ जुलैला मला एवढेच विचारले होतेस, की चार दिवसांपूर्वी ज्याच्या हातावर शस्त्रक्रिया झाली, त्याला गाडीवर बसू कसे दिले. त्यावर मी म्हणालो, "तुमच्या माणसाला सहा आठवडे लागले, म्हणून सगळ्यांनाच लागत नाहीत." हे बोलल्यावर तू काही क्षण गप्प होतास आणि मी त्या शांततेतच फोन ठेवला. २०१०च्या जूनमध्ये मुजेलोला रोसीची नडगी मोडली तेव्हा तू दोन दिवस धड जेवला नव्हतास, हे मला ठाऊक असताना मी ते बोललो. विश्वविजेता, कतारची पहिली शर्यत जिंकलेला, हंगामाची जेमतेम चौथी शर्यत, आणि सगळे एका सरावफेरीत संपले. मी तेव्हा रोसीचा प्रतिस्पर्धी स्टोनर याचा चाहता होतो, आणि जुलैत झाक्सेनरिंगला कुबड्या टाकून आलेल्या रोसीला स्टोनरने शेवटच्या वळणावर मागे टाकून तिसरा क्रमांक घेतला, तेव्हा मी तुझ्यासमोर नाचलो होतो. आपल्या माणसाचे हंगामाच्या तोंडावर असे व्हावे म्हणजे काय, ते मला दहा वर्षांनी कळते आहे. त्या नाचाबद्दल आज तुझी मनापासून क्षमा मागतो.

१९ जुलैची ती शर्यत माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मार्चमध्ये कतारला मोटोजीपीची शर्यत झालीच नाही, चार महिने आपण जुन्या शर्यती पाहून काढल्या, आणि अखेर जेरेझला सुरुवातीचे लाल दिवे विझून शर्यत सुटली. पाचव्या फेरीत चौथ्या वळणावर गाडी त्याच्या हातून निसटली, त्याने ती कशीबशी सावरली आणि खडीतून बाहेर आला, तेव्हा तो सोळावा होता. तिथून तो ज्या तऱ्हेने वर आला, त्याविषयी तूही "हे दुसऱ्या कोणाला जमणार नाही" असे म्हणालास. तुझ्या तोंडून त्याची स्तुती ऐकण्यासाठी मला पाच वर्षे थांबावे लागले होते! चार फेऱ्या राहिल्या असताना तो तिसरा होता आणि दुसऱ्या क्रमांकावरच्या व्हिन्यालेसच्या मागे लागला होता. तू म्हणालास, आता तिसरा आला तरी पुष्कळ. मी म्हणालो, नाही, दुसरा तर यायलाच हवा. तिसऱ्या क्रमांकाचे सोळा गुण त्याच्या हातात होते. दुसऱ्याचे वीस असतात. त्या चार गुणांची हाव त्याला होती तशी मलाही होती.

पुढचे तू पाहिलेच आहेस. मागचे चाक आधी सरकले, मग डांबराला एकदम पकडले, आणि गाडीने त्याला वर उडवून टाकले. नुसता पडला असता तर उठला असता. पण कोलमडत आलेल्या गाडीचे पुढचे चाक त्याच्या उजव्या दंडावर आदळले. खडीत बसून डाव्या हाताने तो उजवा हात धरून होता, ते पाहताच मला कळले, कारण एरवी पडला की तो आधी गाडीकडे धावतो.

मज्जातंतूला इजा झालेली नाही असे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा मी सुटकेचा श्वास टाकला, आणि माझे डोके फिरले ते तिथेच. पुढच्या रविवारी तिथेच दुसरी शर्यत होती. तो त्याच आठवड्यात जेरेझला परत आला, त्याने वैद्यकीय तपासणीत जोर मारून दाखवले, शनिवारी सरावाला उतरला आणि पात्रता फेरीत जेमतेम एक चक्कर मारून पिटमध्ये परतला. हे सगळे मी अभिमानाने पाहिले. क्रचलो आणि रिन्स हे दुसरे दोन स्वारही त्याच शनिवार-रविवारी दुखापत घेऊन धावले, त्यामुळे मला ते धाडस खेळाचाच भाग वाटले. तू मात्र त्याच्या खांद्यांकडे बघत होतास. गाडीवरून उतरताना त्याने उजवा हात अंगाशी घेतला, हे तू मला सांगितलेस, आणि मी ते ऐकूनही पाहिले नाही.

आता मला सारखे २०१३ आठवते. आसेनच्या शर्यतीआधी गुरुवारी पावसात पडून तेव्हाचा जगज्जेता लोरेन्झो याची हंसळी मोडली, तो बार्सिलोनाला जाऊन प्लेट बसवून आला आणि शनिवारी पाचवा आला. ती शर्यत रोसीने जिंकली होती, अडीच वर्षांहून अधिक काळानंतर, त्यामुळे तू त्या दिवशी जमिनीवर नव्हतासच. पण लोरेन्झोच्या जिद्दीचे आपण दोघांनीही तोंड भरून कौतुक केले होते. दोन आठवड्यांनी झाक्सेनरिंगला तो पुन्हा पडला, तीच प्लेट वाकली, पुन्हा शस्त्रक्रिया झाली. ती शर्यत मार्कने जिंकली, आणि वर्षाच्या शेवटी पहिल्याच हंगामात जगज्जेतेपद मिळवले ते लोरेन्झोपेक्षा अवघे चार गुण अधिक घेऊन. त्या चार गुणांविषयी मी तुला किती वेळा ऐकवले असेल! वाकलेल्या प्लेटविषयी मात्र मी तेव्हा चकार शब्द काढला नव्हता.

माझी खरी काळजी हंगामाची नाही. दोन्ही शर्यती जिंकलेल्या क्वार्तारारोचे पन्नास गुण झाले आहेत आणि मार्कचा शून्य आहे. गेल्या वर्षी बारा शर्यती जिंकून ४२० गुण मिळवणाऱ्या माणसापुढचा हा शून्य पाहवत नाही, पण एक वर्ष गेले तर गेले. काळजी आहे ती त्या हाताची. उजवाच हात ॲक्सिलरेटर पिळतो, पुढचा ब्रेक उजव्याच हातात असतो, आणि ब्रेक दाबला की सगळ्या अंगाचा भार दंडावर येतो. शिवाय त्याच उजव्या खांद्याची शस्त्रक्रिया होऊन अजून वर्षही झालेले नाही. तो जे पडता पडता वाचतो, ते कोपराने वाचतो. पुढचे चाक सुटलेले असते, गाडी जवळजवळ आडवी झालेली असते, आणि तो गुडघा व कोपर डांबरावर रेटून तिला उभी करतो. घसरणाऱ्या गाडीखाली आपले हाड घालण्याची ती सवय आहे. एकदा मोडून दोनदा जोडलेल्या हाडाला ती सवय उरेल का? आणि उरली, तर ती त्याने वापरावी असे मला वाटेल का? याचे उत्तर मला सापडत नाही. म्हणून तुला विचारतो, कारण २०१०च्या त्या पायानंतर तू दहा वर्षे रोसीला प्रत्येक वळणात शिरताना पाहिले आहेस.

एकाच गोष्टीचा आधार वाटतो. २०११ साली मलेशियात पडल्यावर त्याला दोन-दोन दिसू लागले होते, तेव्हा तो थांबला होता. डोळ्याची शस्त्रक्रिया करून महिनोन्‌महिने थांबला आणि २०१२ला मोटो२ या खालच्या गटाचा विजेता झाला. थांबणे त्याला येते. होंडाशी त्याचा करारही २०२४पर्यंतचा आहे. घाई करायला कोणतेच कारण नाही. ब्रनोला त्याच्या जागी ब्राडल धावणार आहे, आणि त्याचा धाकटा भाऊ अलेक्स शेजारच्या गॅरेजमध्ये भावाविना असेल.

तुझे अभिनंदनही राहून गेले. २६ तारखेला एक्केचाळीस वर्षांचा रोसी तिसरा आला आणि मी तुला एक ओळसुद्धा पाठवली नाही. ती पिवळी टोपी वहिनींनी अजून लपवली नसेल, तर त्या दिवशी तू ती घालून झोपला असशील, याची मला खात्री आहे. नवे काम घरून जमते आहे का? काकांचा गुडघा कसा आहे? मुलीचे ऑनलाइन वर्ग सुरू झाले असतील. तिला माझे आशीर्वाद सांग.

रविवारी ब्रनोची शर्यत आहे. मार्क नसलेली शर्यत मला एकट्याने पाहवणार नाही. पूर्वीच्या रविवारांसारखाच शर्यत सुरू होण्याच्या पाच मिनिटे आधी मी फोन करीन आणि पूर्ण शर्यत संपेपर्यंत ठेवणार नाही. तू रोसीविषयी हवे ते बोल.

तुझाच,
जुना भांडखोर मित्र