स्लॅब ओतण्याआधीचा अर्धा तास

माननीय नगरविकास मंत्री,
कर्नाटक सरकार, बंगळूर यांस

सा. न. वि. वि.

मी बेळगावचा. सव्वीस वर्षे बांधकामावर सुपरवायझर म्हणून काढली, आता घरी असतो. इंजिनिअरची पदवी माझ्याकडे नाही, पण ओळंबा आणि टेप हातात धरून बरेच स्लॅब पडताना पाहिलेत. ‘पडताना’ म्हणजे ओतताना, साइटवर तसंच म्हणतात.

गेल्या मे महिन्यात अनगोळला पुतण्याच्या घराचा पहिला स्लॅब होता. पावसाच्या आधी स्लॅब उरकायचा म्हणून मे महिन्यात आमच्याकडे नुसती झुंबड असते. एकेक कंत्राटदार आठवड्यात तीन-तीन स्लॅब धरतो, बार बेंडर रात्री बॅटरी लावून सळई बांधतात. सकाळी सातला मी शिडीवरून वर गेलो. खाली मिक्सर सुरू झाला होता.

रस्त्याच्या बाजूला साडेतीन फूट बाहेर आलेली गॅलरी होती. तिची मेन सळई पार खाली, सेंट्रिंगच्या, म्हणजे स्लॅबखालच्या साच्याच्या, पत्र्याला टेकलेली. बांधताना ती वर असणारच. पण सळई वर उचलून धरणाऱ्या घोड्या दिलेल्या नव्हत्या आणि इलेक्ट्रिकच्या पायपा टाकणारी पोरं दिवसभर तिच्यावरून नाचली होती. घरातला स्लॅब दोन्हीकडून टेकलेला असतो, मध्ये तो खाली वाकू पाहतो, म्हणून तिथे सळई खालच्या अंगाला लागते. गॅलरीचं उलटं. आडव्या पसरलेल्या हातात भरली घागर धरून बघा, ताण खांद्याच्या वरच्या बाजूला येतो. गॅलरीची सळई खाली गेली तर ती तिथे असून नसल्यासारखी. पाच इंच जाडीच्या स्लॅबात दोन-तीन इंचांची चूक, पण गॅलरी कशावर उभी आहे ते त्यावरच ठरतं.

मी मिक्सर थांबवायला सांगितलं. मुकादम हसून म्हणाला, ‘एनू आगंगिल्ल री.’ काही होत नाही. हे वाक्य मी मराठीत, कन्नडमध्ये आणि हिंदीत सारख्याच वेळा ऐकलंय.

मग थांबलोच आहोत तर म्हणून बाकीचंही बघितलं. कॉलमच्या उभ्या सळयांना आवळणाऱ्या रिंगा नकाशात बीमजवळ चार-चार इंचांवर होत्या, प्रत्यक्षात खालपासून वरपर्यंत नऊ. बीम आणि कॉलम मिळतात त्या जोडात तर रिंगच नाही, कारण तिथे हात जात नाही आणि बांधायला वेळ लागतो. रिंगांची टोकं काटकोनात वळवलेली. भूकंपासाठीच्या आयएस १३९२० या भारतीय मानकात १३५ अंश सांगितलेत ते उगीच नाही. हादऱ्यात कॉलमवरचं काँक्रीट सुटलं की काटकोनातली टोकं उघडतात आणि रिंग सळई सोडून देते. कोयनेचा १९६७ चा भूकंप झाला तो भाग इथून फार लांब नाही. सळई आणि पत्रा यांत अंतर ठेवणाऱ्या कव्हर ब्लॉकच्या जागी फरशीचे तुकडे होते, काही ठिकाणी तेही नाहीत. आमच्या पावसात कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, कमी पडलं की सळई किती लवकर गंजते, ते खानापूरकडच्या कुठल्याही जुन्या छज्ज्याखाली उभं राहून वर बघितलं की कळतं.

दोन तास गेले. भंगारातल्या आठ एमएमच्या तुकड्यांच्या घोड्या वाकवल्या, सळई उचलली, जोडात रिंगा घातल्या. पुतण्या माझ्यावर चिडला, मजुरांचा रोज अंगावर पडला म्हणून. पण त्याच मुकादमाने त्याच गल्लीत आठ दिवस आधी एक स्लॅब टाकला होता. त्याही घराला गॅलरी आहे, आज तिच्यावर कपडे वाळत असतात. त्यातली सळई वर आहे की खाली, हे आता नुसत्या डोळ्यांनी कुणालाच सांगता येणार नाही.

साहेब, माझं म्हणणं एवढंच आहे. तुमची माणसं परवान्याचा नकाशा बघतात, पुढची-बाजूची मोकळी जागा टेपने मोजतात, घर झाल्यावर पुन्हा बघतात. सळई बघायची तर ती दिसते तेव्हाच बघावी लागते, आणि ती दिसते फक्त ओतण्याआधीचे काही तास. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पडलेल्या घरांना सरकारने ५ लाखांपर्यंत मदत दिली, तेव्हा पाया, लिंटेल, छत असे टप्प्याटप्प्याने फोटो चढवून हप्ते सोडले होते. चांगली पद्धत. पण छताचा फोटो छत झाल्यावरचा! तोच एक दिवस आधी काढला असता तर?

नव्या खात्याची मागणी मी करत नाही. आणखी एक सही म्हणजे आणखी एक पसरलेला हात, हे तुम्हाला मी सांगायला नको. नकाशावर ज्या इंजिनिअरची सही आहे त्याने प्रत्येक स्लॅबच्या आदल्या दिवशी साइटवर यावं. जोड, गॅलरी, रिंगा यांचे टेप लावून फोटो काढावेत आणि परवान्याच्या फाइलला ऑनलाइन जोडावेत. चोवीस तासांत हरकत आली नाही तर ओतायला मोकळीक. दहातल्या एखाद्या ठिकाणी तुमचा माणूस न सांगता जाऊन बघेल, तेवढ्यानेही धाक बसेल. सेंट्रिंग काढायच्या तारखाही त्याच फाइलवर याव्यात. काँक्रीटच्या आयएस ४५६ या मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू ७ दिवस आणि सहा मीटरपर्यंतच्या बीमखालचे १४ दिवस ठेवायचे असतात. पत्रे दुसऱ्या साइटवर हवे असले की चौथ्या दिवशी निघालेले मी पाहिलेत.

आणि तपासणीचा एक कागद कन्नडबरोबर मराठीतही छापा. भाषेचा वाद इथे उकरायचा नाही, त्याला दुसरी जागा आहे. पण वडगाव-शहापूरची म्हातारी माणसं घर बांधताना दिवसभर साइटवर खुर्ची टाकून बसलेली असतात. काय बघायचं ते त्यांना वाचता आलं तर तुमचा निम्मा पहारा फुकटात होईल.

धारवाडला १९ मार्च २०१९ ला बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून १९ माणसं गेली. धारवाड इथून दीड तासावर.

हिवाळी अधिवेशनाला तुम्ही हलग्याच्या सुवर्ण विधानसौधात येताच. एक दिवस सकाळी सातला माझ्याबरोबर एखाद्या स्लॅबवर चला. चहा साइटवरच मिळतो. फक्त वर आल्यावर फळीवर पाय द्या, सळईवर नको.

आपला,
एक निवृत्त साइट सुपरवायझर
वडगाव, बेळगाव