रात्रभर गोठ्यात बसलेल्या जिभाऊंना

आदरणीय जिभाऊ,

साष्टांग नमस्कार.

परवा माझ्या पियानोच्या रेकॉर्डिंगची शेवटची प्रत पुण्याहून आली. बाबा आणि मी दोघांनी दार लावून ऐकली. शॉपँ या पोलिश संगीतकाराच्या मझुर्काचा शेवट आला आणि मला पुढचं ऐकूच येईना, नुसतं रडू येत होतं. बाबा म्हणाले, आधी जिभाऊंना पत्र लिही. ते घरच्या पत्त्यावर टाकलं असतं तरी चाललं असतं. पण तुम्ही काय केलंत ते तुम्ही कुणाला सांगणार नाही, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

त्या दिवशी पियानोचा ट्रक धुळ्यात पोचला होता. मी आणि बाबा जळगावला हॉलच्या दारात उभे. दोन महिन्यांपूर्वी तारीख पक्की केलेली, आगाऊ पैसे भरलेले. दुपारी दोन वाजता आम्हाला सांगितलं, हॉल दुसऱ्या कार्यक्रमाला दिलाय, पुढच्या महिन्यात बघू. माणूस मान वर करून बोललासुद्धा नाही. भाड्याचा पियानो, पुण्याहून आलेले ट्यूनर काका, रेकॉर्डिंग करणारा मित्र, सगळ्यांचे तीन दिवस ठरलेले. मग एकामागून एक फोन. माझ्या सत्कारात शाल घालून "खान्देशची कन्या" म्हणणाऱ्या एका मोठ्या रसिकांनी फोन उचलला आणि म्हणाले, "अगं, पण आपल्याकडे हे ऐकणार कोण?" मी जागा मागितली होती, श्रोते नव्हे. ते वाक्य मला अजून बोचतं.

शेवटी बाबांना तुम्ही आठवलात. अमळनेर डेपोला कंडक्टर असताना तुमच्या गावच्या मुक्कामी गाडीवर त्यांनी कितीतरी रात्री काढल्या. ताट तुमच्याकडचंच असायचं. अकरा वर्षांत एक फोन नाही आणि अचानक हे असलं मागणं. बाबांनी जेमतेम दोन वाक्यं सांगितली असतील. तुम्ही विचारलंत, "वाजाडाले जागा किती लागस?" बस, एवढंच. पारोळ्यावरून ट्रक आत वळवायला तुम्ही स्वतः फाट्यावर येऊन उभे राहिलात.

मोठ्या खोलीत छतापर्यंत कापूस होता. भाव येईल म्हणून राखून ठेवलेला, वर्षाची सगळी कमाई. आम्ही पोचलो तेव्हा गावातली पोरं तो गाठोड्यांनी मागच्या खोलीत नेत होती. पियानो तीनशे किलोच्या आसपास. ओट्यावर चढवताना खाली कापसाचीच गाठोडी अंथरलीत. ट्यूनर काकांनी खोलीत शिरून एकदा टाळी वाजवली आणि हसले. धाब्याचं घर, हातभर जाड मातीच्या भिंती, वर सागाची पाटई, एका बाजूला उरलेल्या कापसाचा ढीग. आवाज घुमत नव्हता, मरतही नव्हता. शहरातल्या त्या हॉलमध्ये आम्हाला हे मिळालं नसतं, हे मी रागाने नाही, खरं म्हणून सांगते.

प्रवासात पियानोच्या तारा उतरतात. दोनशेच्या वर तारा, काका संध्याकाळपर्यंत एकेक लावत बसले. तुमच्या घरच्या मायने चूल लवकर विझवली, कारण पऱ्हाटीच्या काड्या तडतडतात. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि मग रात्र.

मी जे वाजवते ते सगळं नाचावरून आलेलं आहे, पण नाचण्यासाठी नाही. मझुर्का हा पोलंडमधला वॉर्साभोवतीच्या खेड्यांचा नाच. तीन मात्रा, पण जोर पहिलीवर बसत नाही, दुसरीवर नाहीतर तिसरीवर पडतो. शॉपँने 1830 मध्ये देश सोडला तो पुन्हा कधी परतलाच नाही, आणि आयुष्यात लिहिलेल्या पन्नासहून जास्त मझुर्कांपैकी बहुतेक त्याने परक्या गावात बसून लिहिल्या. मी निवडलेली ओपस 17, म्हणजे सतराव्या क्रमांकाच्या संचातली चौथी आहे. तिचा शेवट संपतच नाही. आवाज बारीक होत होत जातो आणि शेवटचे सूर प्रश्नासारखे हवेत राहतात. तिथे खोलीत काहीही हललं तर सगळं गेलं.

पहिल्या खेपेला नेमकं तिथेच बैलांच्या माळा वाजल्या. दुसऱ्या खेपेलाही. मित्राने कानावरचे हेडफोन काढले आणि माझ्याकडे पाहिलं. बोललं कुणीच नाही. रात्रीचा एक वाजला होता, त्यात जानेवारीतली थंडी. तुमच्या घरात येऊन तुमच्या बैलांबद्दल तक्रार कुठल्या तोंडाने करायची? तुम्ही दाराशी बसला होतात. उठलात, घोंगडी घेतलीत आणि म्हणालात, "तू वाजाड पोरी, बाकीनं मी देखस."

तिसऱ्या खेपेला काहीच वाजलं नाही. चौथ्या तुकड्याला नाही, पाचव्याला नाही. मला वाटलं, बैल शेतावर नेले असतील.

पहाटे पाणी प्यायला बाहेर आले तेव्हा गोठ्यात कंदील दिसला. तुम्ही दोन बैलांच्या मधे बसला होतात, घोंगडी पाठीवर, एक हात एकाच्या मानेवर. दुसऱ्या हाताने थोडा थोडा कडबा पुढे करत होतात, म्हणजे हंबरणार नाहीत. आणि माळा तशाच गळ्यात होत्या. मी कंदील जवळ नेऊन पाहिलं. एकेका घुंगरात कापूस दाबून बसवलेला. दोन्ही माळांत मिळून पन्नास तरी घुंगरं असतील. त्या थंडीत, अंधारात, बोटांनी एकेक. वर उपरण्याची पट्टी फाडून बांधलेली.

मी म्हटलं, जिभाऊ, माळा काढून का नाही ठेवल्या? तुम्ही म्हणालात, "माळ काढी ते बैल बावरी जास, ताई."

म्हणजे तुम्ही माझीही काळजी घेतलीत आणि त्यांचीही. आणि ज्या घरात रात्रभर संगीत झालं त्या घरच्या माणसाने त्यातलं काही धड ऐकलंच नाही. जे ऐकलं असेल ते भिंतीपलीकडून, बैलांच्या रवंथाबरोबर.

मी शिकायला बाहेर राहिले तेव्हा मोठमोठी सभागृहं पाहिली. तिथे खोकल्याची गोळीसुद्धा आधी कागद सोलून हातात धरतात. ती शिस्त मला आवडते. पण ती शिकवलेली असते. तुमच्याकडे पियानो आयुष्यात पहिल्यांदा आला होता आणि माझ्या शांततेची किंमत तुम्हाला एका नजरेत कळली. ज्याला दुसऱ्याचं काम कळत नाही आणि तरी त्याचा मान राखता येतो, असा माणूस किती मोठा असतो! मला हॉल नाकारणाऱ्याला संगीत कळत नव्हतं असं नाही. त्याला फक्त समोरचं माणूस दिसलं नाही.

सकाळी चहा पिताना मायने विचारलं होतं, हे नाचाचं आहे तर मधेच इतकं उदास का? तेव्हा नीट सांगता आलं नाही, आता सांगते. ते रावेल या फ्रेंच संगीतकाराचं होतं, फोरलान, रिगोदाँ आणि मिन्युएट, जुने फ्रेंच दरबारी नाच. 1914 ते 1917, महायुद्ध चालू असताना त्याने लिहिले, आणि त्यातला एकेक तुकडा युद्धात मेलेल्या मित्राच्या नावे आहे. रिगोदाँ तर दोघा भावांच्या नावे. नाच त्यांचा राहून गेला होता, असं मी मायला सांगायला हवं होतं.

आणि हंगेरीच्या बार्तोकचे बल्गेरियन लयीतले नाच. तुमच्यासाठी मी त्यातला दुसरा सकाळी पुन्हा वाजवला. दोन, दोन, तीन, अशा सात मात्रा. आपल्या रूपक तालातही सातच, फक्त तिथे तीन आधी येतात. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत आणि म्हणालात, लंगडणाऱ्या बैलाची गाडी अशीच चालते. जिभाऊ, या लयींना तुर्की भाषेत जे नाव आहे, अक्साक, त्याचा अर्थच लंगडणारी. हे मला पुस्तकातून कळायला तीन वर्षं लागली होती.

शेवटचा बार्तोक पहाटे झाला. संपलं असं समजून तुम्ही कापूस काढायला घेतला असणार, कारण शेवटचा सूर विरल्यावर एक घुंगरू वाजतं. एकदाच. मित्र म्हणाला, पुसून टाकतो. मी नाही म्हटलं. ते तसंच ठेवलंय.

बाबा विचारतात, कापूस गेला का, आणि काय भावाने? मागच्या खोलीत दाबला गेला म्हणून काट लावली नाही ना कुणी? लावली असेल तर स्पष्ट सांगा, हातचं राखू नका.

शनिवारच्या मुक्कामी गाडीने आम्ही दोघं येतोय. चांगला स्पीकर घेऊन येते. मायला म्हणावं, भरीत आणि कळण्याची भाकरीच कर, दुसरं काही नको. आणि या वेळी तुम्ही गोठ्यात बसायचं नाही.

तुमची,
कंडक्टरची पोरगी