जवसाची चटणी आणि तुझा रिपोर्ट

सेलू, जि. वर्धा

प्रिय दोस्ता,

सीतादही करून कापूस वेचायला सुरुवात झाली अन् मजुरांमागे धावण्यात तुझं पत्र आठवडाभर तसंच राहिलं. रागावू नको.

तुझ्या जीनच्या तपासणीत 'एपीओई-ई४ ची एक प्रत निघाली' हे वाचून मीही हबकलो. तुझ्या बाबांचे शेवटचे दिवस मी पाहिले आहेत. स्वतःच्या ओसरीवर बसून 'मले घरी घेऊन चाला' म्हणायचे. पण लेका, या जीनचा अन् अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या आजाराचा संबंध १९९३ मध्ये उघड झाला, अन् त्याचा अर्थ एवढाच की जोखीम वाढते. एक प्रत असलेले कितीतरी जण शाबूत डोक्यानं म्हातारे होतात.

माशाच्या तेलानं मेंदू वाचतो का, ते पोरीनं मोबाइलवर शोधून दिलं. २०२४ चा अमेरिकेतला प्रयोग: पंचाहत्तरीपुढचे १०२ जण, तीन वर्षं. सगळे मिळून पाहिले तर ठळक फरक नाही. ई४ वाल्यांच्या मेंदूतल्या तंतूंची झीज मात्र स्कॅनवर कमी दिसली. माणसं मोजकीच, म्हणून मी त्यावर शेत गहाण टाकणार नाही. तू मात्र त्या तेलाच्या चार प्रकारच्या डब्या आणून बसलास!

आमच्या मायचंच सांगतो. दुधाचा हिशेब चुकायला लागली, चूल पेटती ठेवून वावरात निघून जायची. एका दुकानदारानं गिंको नावाच्या झाडाच्या पानांचं टॉनिक गळ्यात मारलं, सहा महिने पाजलं. याच गिंकोवर तीन हजारांवर म्हाताऱ्यांचा अभ्यास होऊन २००८ मध्येच निकाल लागला होता की त्यानं स्मृतिभ्रंश टळत नाही. हे मला कोण सांगणार? शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी मांस-मच्छी खातात? शुगरची गोळी किती वर्षांपासून?" माय माळकरी, अन् मेटफॉर्मिन बारा वर्षांपासून. या दोन्हींमुळे बी-१२ जीवनसत्त्व तळाला गेलेलं. इंजेक्शनं सुरू झाली अन् दोन-तीन महिन्यांत हिशेब पुन्हा जुळायला लागला. तुझ्या बाबांचं तसं नव्हतं, हे मला माहीत आहे. तरी तूही तीच गोळी घेतोस, तेव्हा आधी बी-१२ तपास. बीपीही.

जवसाची चटणी पाठवतो आहे. त्यातला ओमेगा-३ हा तेलाचा घटक माशाच्या तेलातल्यापेक्षा वेगळा. माशात डीएचए नावाचं ओमेगा-३ असतं, त्यात जवसातल्याचं फारच थोडं रूपांतर होतं. भाकरीसोबत खा, औषध म्हणून नको.

परवा मायनं विचारलं, "तो तुहा दोस्त, विहिरीत पडलेला पोट्टा, कधी येते?" विहिरीत मी पडलो होतो. पण ती वाट पाहते आहे, ये.

तुझाच,
विहिरीत पडलेला