जाहीर सूचनेने घर निर्वेध होत नाही

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

इंदूरच्या वर्तमानपत्रांत घरांच्या आणि भूखंडांच्या सौद्यांसंबंधी ज्या जाहीर सूचना रोज छापल्या जातात, त्यांचा मजकूर जवळजवळ ठरलेला असतो. अमुक मोहल्ल्यातील तमुक क्रमांकाचे घर आमचे पक्षकार विकत घेत आहेत, त्यावर कोणाचा हक्क, हितसंबंध, गहाण वा बोजा असल्यास सात दिवसांत पुराव्यासह कळवावे, मुदतीनंतर आलेली हरकत विचारात घेतली जाणार नाही. या शेवटच्या वाक्यावर लोकांची फार भिस्त असते. मालमत्तेच्या दस्तांचे काम करणारा वकील म्हणून मला वरचेवर विचारला जाणारा प्रश्नही त्यातूनच निघतो : "सूचना छापली, कोणी आले नाही, आता काही भीती नाही ना?"

भीती आदल्या दिवशी होती तेवढीच आहे. वारसाचा हक्क सात दिवसांत संपवणारा कायदा आपल्याकडे नाही. मालकी हक्काच्या जोरावर स्थावराचा ताबा मागण्यासाठी मुदत कायद्याने साधारणपणे बारा वर्षे दिली आहेत, आणि ज्याचा हक्क आहे त्याने इंदूरचे वर्तमानपत्र वाचलेच पाहिजे अशी सक्ती कोणी केलेली नाही. सूचनेचा उपयोग आहे, पण तो मर्यादित आहे. खरेदीदाराने वाजवी चौकशी केली होती हे पुढे न्यायालयात दाखवायला ती कामी येते, आणि क्वचित खरोखरच एखादा हरकतदार उभा राहतो व खरेदीदाराचे पैसे वाचतात. तथापि आपल्याकडे बहुतेक वेळा बयाना (विसार) आधी दिला जातो आणि सूचना नंतर छापली जाते, म्हणजे हरकत आलीच तरी ती पैसे अडकल्यावर येते.

हा विषय इंदूरच्या मराठी घरांच्या विशेष जवळचा आहे. रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर, स्नेहलतागंज या भागांतील कितीतरी जुनी घरे सध्या विक्रीला आहेत, कारण मुले पुण्याला, बंगळूरूला किंवा थेट अमेरिकेला स्थायिक झाली आहेत आणि आई-वडिलांच्या मागे घराला कुलूप लागले आहे. घर आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावे असते, संपत्तिकराची पावती मात्र इंदूरला राहिलेल्या एका भावाच्या नावे निघत असते, आणि तो भाऊ अगदी प्रामाणिकपणे विचारतो की नगर निगमात नामांतरण माझ्या नावे झालेले आहे, तर मी एकटा सही करू शकतो ना? करू शकत नाही. नामांतरण हे कर कोणाकडून वसूल करायचा यासाठी असते. त्याने मालकी मिळत नाही आणि जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एकदा नव्हे, वारंवार सांगितले आहे.

मृत्युपत्र नसेल तर हिंदू कुटुंबात वडिलांच्या स्वकष्टार्जित घराचे वारस कोण, याचे उत्तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात आहे : त्यांची आई हयात असल्यास ती, पत्नी, मुलगे आणि मुली, सर्वांचा हिस्सा सारखा. मुलींना हक्क २००५ साली मिळाला अशी सार्वत्रिक समजूत आहे, आणि ती अर्धवट आहे. २००५ ची दुरुस्ती एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेतील जन्मसिद्ध हिश्श्याबद्दल होती, आणि ती लागू झाली तेव्हा वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या विनीता शर्मा निकालाने स्पष्ट झाले. वडिलांनी नोकरीच्या पैशातून तिलक नगरात बांधलेल्या घरात मुलगी १९५६ पासूनच बरोबरीची वारस आहे. "बहिणीला लग्नात सगळे दिले" किंवा "ताईने तोंडी सोडून दिले आहे" या वाक्यांना दस्तात जागा नाही. ताईला हिस्सा सोडायचाच असेल तर हक्कत्यागपत्र लिहून ते पंजीकृत (नोंदणीकृत) करावे लागते.

एका प्रकरणात दोन भावांनी सौदा पक्का केला, बयान्याची रक्कम घेतली आणि सहा महिन्यांत रजिस्ट्री करून देण्याचे कबूल केले. खरेदीदाराच्या बँकेच्या वकिलाने वंशावळ मागितली, तेव्हा ग्वाल्हेरला दिलेली एक बहीण आई-वडिलांच्या पश्चात वारली असून तिच्या मागे नवरा आणि शाळेत जाणारा मुलगा आहे, असे निघाले. बहिणीचा हिस्सा त्या दोघांकडे गेलेला होता. नवरा सही करायला तयार होता. पण अज्ञान (अल्पवयीन) मुलाच्या मालकीचे स्थावर त्याच्या बापालाही न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही, आणि तशी केलेली विक्री मुलगा सज्ञान झाल्यावर रद्द करून मागू शकतो. परवानगीचा अर्ज करावा लागला, करारातली मुदत उलटून गेली, घराचे भाव वर गेले आणि भावांचे मन फिरले. कोणाचीही फसवणूक करण्याची इच्छा नसताना दोन सज्जन पक्ष न्यायालयात समोरासमोर उभे राहिले. वंशावळ पहिल्या बैठकीत मागितली असती तर हे टळले असते, आणि त्याला एक कागद व अर्धा तास पुरला असता.

एका भावाने एकट्याने केलेले विक्रयपत्र बादच होते असे नाही, पण खरेदीदाराला त्या भावाच्या हिश्श्यापलीकडे काही मिळत नाही. शिवाय एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरात परक्या खरेदीदाराला सहताबाही मागता येत नाही. त्याला वाटणीचा दावा लावावा लागतो, आणि त्या दाव्यात १८९३ च्या वाटप कायद्याखाली घरच्या माणसांना त्याचा हिस्सा न्यायालयाने ठरवलेल्या किमतीत विकत घेता येतो. घर घ्यायला गेलेला माणूस अखेर पैसे घेऊन परत येतो, तेही बऱ्याच वर्षांनी.

दुसरा मोठा गैरसमज नोटरीच्या शिक्क्याचा. शहराच्या कडेच्या वसाहतींत मुद्रांकावरचा नोटरी केलेला करार, ताबा आणि विजेचे मीटर एवढ्या भांडवलावर भूखंड 'घेतलेले' अनेकजण आहेत. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री पंजीकृत दस्तानेच होते, आणि विक्रीच्या नुसत्या कराराने मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण होत नाही. करार मोडला तर तो पुरा करून घेण्यासाठी दावा लावता येतो, पण ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षांच्या आत. मुखत्यारनामा, करार आणि मृत्युपत्र असा तीन कागदांचा जुडगा करून मालकी देण्याची जी रीत होती, ती सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या सूरज लॅम्प निकालात नाकारली. मुखत्यारनामा तर सामान्यतः तो देणाऱ्याच्या मृत्यूबरोबरच संपतो, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. परदेशातील भावंडांचा मुखत्यारनामा असेल तर तो तिथे रीतसर साक्षांकित झाला आहे ना, आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरले आहे ना, हेही पाहावे.

जुन्या घरांच्या कागदांबद्दल थोडे अधिक लिहिणे भाग आहे. पत्र्याच्या ट्रंकेतून निघालेला होळकर संस्थानाच्या मुद्रांकावरचा दस्त पाहताना ऊर भरून येतो हे खरे, पण त्यातली चतुःसीमा वाचावी : पूर्वेस अमक्या दाजींचे घर, पश्चिमेस सरकारी गल्ली, दक्षिणेस विहीर. दाजी केव्हाच गेले, त्यांच्या घराचे तीन तुकडे झाले, विहीर बुजली, घराचा क्रमांक आणि वॉर्ड दोन्ही बदलले. त्या दस्तातले घर आणि आज आपण उभे आहोत ते घर एकच आहे, हे मधल्या प्रत्येक कागदाने सिद्ध करावे लागते : दस्त, मृत्यूचे दाखले, वाटणीपत्र, कराच्या जुन्या पावत्या, नकाशा. मध्य प्रदेशात ई-पंजीयन २०१५ पासूनचे आहे. त्याआधीचा शोध अभिलेखागारातील नोंदवह्यांतच घ्यावा लागतो, आणि तो निदान तीस वर्षांचा घ्यावा असा वकिलांचा प्रघात आहे. सर्व्हर उघडून दोन मिनिटांत "काही बोजा नाही" म्हणणाऱ्यावर विसंबू नये.

मूळ दस्त मात्र डोळ्यांनी पाहावा, छायाप्रतीवर भागवू नये. दस्त बँकेत ठेवून काढलेल्या कर्जाची नोंद पंजीयन कार्यालयात सापडेलच असे नाही. २०११ पासून अशा गहाणांसाठी 'सेरसाई' ही केंद्रीय नोंदवही आहे आणि शुल्क भरून ती कोणालाही पाहता येते, तरीही ती पाहणारा खरेदीदार विरळाच. इंदूर विकास प्राधिकरणाचा पट्ट्याचा (भाडेपट्ट्याचा) भूखंड असेल तर पट्ट्याची मुदत आणि प्राधिकरणातील नामांतरण तपासावे. नव्या कॉलनीत भूखंड घ्यायचा असेल तर तो विकासकामांची हमी म्हणून पालिकेकडे बंधक (गहाण) ठेवलेल्यांपैकी नाही ना, हे विचारावे.

पैशाचा प्रश्न लोक आवाज उतरवून विचारतात : रजिस्ट्री गाइडलाइनच्या, म्हणजे मुद्रांकासाठी सरकारने ठरवलेल्या, दराने करून बाकीची रक्कम रोख दिली तर? स्थावराच्या व्यवहारात २०,००० रुपये वा अधिक रक्कम रोखीने घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, आणि सौदा पुढे मोडला तरी तो टळत नाही. मोडलेल्या सौद्यातला रोख बयाना परत मागायला पुरावा कुठून आणणार, हा वेगळाच प्रश्न. किंमत किंवा मुद्रांकासाठीचे मूल्य ५० लाख वा त्याहून अधिक असेल तर खरेदीदाराने एक टक्का कर कापून तो भरायचा असतो. विकणारा अनिवासी असेल तर हा एक टक्क्याचा नियम लागू होत नाही आणि कपात पुष्कळ जास्त होते. म्हणून त्याने आधीच आयकर अधिकाऱ्याकडून कमी कपातीचे प्रमाणपत्र घेतलेले बरे. विक्रेत्याला होणाऱ्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर १२.५ टक्के कर आहे. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराला निवासी व्यक्ती महागाई निर्देशांकासह २० टक्क्यांचा हिशेबही लावून पाहू शकते, आणि १ एप्रिल २००१ पूर्वीच्या घरासाठी त्या तारखेचा बाजारभाव मूळ किंमत म्हणून धरता येतो. तो भाव ठरवून घ्यायचे काम विक्रीआधी करावे.

ऑक्टोबर २०२४ पासून मध्य प्रदेशात दस्तांच्या ऑनलाइन पंजीयनाची 'संपदा २.०' प्रणाली आली, ओळख आधारवरून पटते, मालमत्तेचे स्थान नकाशावर दिसते, आणि त्यामुळे खोटा माणूस उभा करणे अवघड झाले, ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र विकणारा तोच आहे हे यंत्राला कळते. त्याला आणखी दोन बहिणी आहेत हे कळत नाही. उपपंजीयक मालकीचा निवाडा करत नाही, तो त्याचा अधिकारच नाही.

आता आपल्याकडे एक मागणी. जाहीर सूचना हे वर्तमानपत्रांचे उत्पन्न आहे आणि ते बंद व्हावे असे मी म्हणत नाही. परंतु सूचना स्वीकारताना तीत घराची आजची चतुःसीमा, शेवटच्या पंजीकृत मालकाचे नाव, तो मयत असल्यास मृत्यूचे वर्ष आणि विकणाऱ्यांनी सांगितलेल्या सर्व वारसांची नावे असावीत, असा आग्रह आपण धरू शकता. वकील मंडळींनीही सात दिवसांऐवजी निदान एकवीस दिवस द्यावेत आणि सूचनेची प्रत परगावी असलेल्या प्रत्येक वारसाला स्पीड पोस्टाने पाठवावी. ज्यांचा घराशी संबंध आहे ती माणसे बहुतेक करून इंदूरबाहेर राहतात.

आपला,
एक अधिवक्ता व वाचक
सुदामा नगर, इंदूर